पिनबॉलचे पाय, क्रोमचा मुलामा आणि दाराआतल्या तारखा

१/
या धाग्यात सहसा तह, किल्ले आणि ताम्रपट येतात. आजचा विषय पिनबॉलच्या यंत्राचा आहे. त्यातही खेळाचा फारसा नव्हे, तर त्या यंत्राच्या पायांवर, कडेच्या पट्ट्यांवर आणि नाणी टाकायच्या दारावर चढवल्या जाणाऱ्या मुलाम्याचा व रंगीत लेपाचा. शिकागोच्या एका उपनगरात, माझ्या घराच्या तळघरात असे एक यंत्र उभे आहे. ते नवे दिसावे म्हणून मी जे केले, त्यातले निम्मे आज मी पुन्हा करणार नाही.

२/
आधी थोडा इतिहास. १८७१ साली सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह याने बॅगाटेल या मेजावरच्या खेळातील सुधारणांसाठी पेटंट घेतले. काठीने चेंडू ढकलण्याऐवजी स्प्रिंगच्या दट्ट्याने तो उडवणे, ही त्यातली टिकून राहिलेली कल्पना. १९३१ साली शिकागोचे डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ बाजारात आणला आणि मंदीने गांजलेल्या माणसांना एका पेनीत घटकाभर विसावा मिळू लागला. मात्र चेंडू एकदा सुटला की यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती काही नसे. चेंडू परतवणारी फ्लिपर १९४७ साली, ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात आली. तोवर हा खेळ बव्हंशी नशिबाचा होता. आणि नशीब आले की त्यामागून पैज येते, पैजेमागून पोलीस.

३/
न्यू यॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी जानेवारी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी घातली. हातात घण घेऊन यंत्रे फोडतानाची त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता आणि यंत्रांत अडकलेला धातू युद्धाच्या कामी यावा, हाही एक युक्तिवाद होता. मोडलेल्या यंत्रांच्या लाकडी पायांचे पोलिसांसाठी दंडुके बनवले गेले, असे सांगितले जाते. ज्या पायांवर खेळ उभा होता, त्याच पायांनी खेळणाऱ्यांना हुसकावले जावे, यातला विनोद ला गार्डियांना कळला असेल का, कोण जाणे.

ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने शहराच्या प्रतिनिधींसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवले. चेंडू कोठे जाईल हे आधी सांगून त्याने दट्ट्या ओढला आणि चेंडू तेथेच गेला. खेळ कौशल्याचा आहे, हे पटायला तेवढे पुरले. गंमत अशी की, जेथे यातली बहुतेक यंत्रे घडत, त्या शिकागो शहरातही ती लावण्यास दीर्घकाळ बंदीच होती. येथली यंत्रे उपनगरांतल्या मद्यगृहांत आणि बोलिंगच्या सभागृहांत जात. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

४/
१९६० च्या आसपास यंत्रांच्या लाकडी कडा गेल्या आणि धातूच्या पट्ट्या आल्या. पायही पोलादी झाले. पोलादाला गंज चढतो. सांडलेली बिअर, फरशी पुसायचे पाणी, शिकागोच्या हिवाळ्यात बुटांबरोबर आत येणारे रस्त्यावरचे मीठ, हे सगळे सोसायचे ते पायांनी. म्हणून त्यांना मुलामा.

५/
मुलामा हा शब्द ऐकला की मला पुण्यातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात बसलेला कल्हईवाला दिसतो. भात्याने फुललेला निखारा, त्यावर तापलेले पितळी पातेले, नवसागराचा नाकात जाणारा धूर आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवताच पातेल्याच्या पोटात उगवणारे चांदणे. आजी त्याला बजावत असे, “आधी नीट घासून घे रे बाबा, मळावर कल्हई धरत नाही.” मुलाम्याच्या शास्त्रातले पहिले कलम मी तेथेच शिकलो. पुढे ते विसरलो, ही गोष्ट वेगळी.

युरोपात पूर्वी सोन्याचा मुलामा पाऱ्यात सोने कालवून आणि मग पारा उडवून देत. त्या वाफेने कारागीर अकाली खंगत. १८०५ साली इटलीतील लुइजी ब्रुन्यातेल्ली याने व्होल्टाच्या नव्या विद्युत्घटाच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवले. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी याच विद्युत् विलेपनाचा धंदा उभा केला. पाऱ्याचा धूर गेला आणि सायनाइडची टाकी आली. चकाकीची किंमत कोणाला तरी आपल्या श्वासाने मोजावी लागते, हे क्रोमच्या बाबतीतही खरे ठरले. जुन्या पद्धतीच्या टाकीतले षट्-संयुजी क्रोमियम कर्करोगजनक आहे. युरोपीय संघात २०१७ पासून त्यासाठी खास परवानगी लागते.

६/
क्रोमविषयी एक गैरसमज माझाही होता. आपल्याला जे आरशासारखे दिसते ते बहुतांशी क्रोम नसते. पोलादावर निकेलचा जाड थर असतो, कित्येकदा त्याखाली तांब्याचा. सजावटीच्या कामातला क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे केसाच्या जाडीच्या शतांशाहून कमी. गंजाशी झुंजते ते निकेल. क्रोम फक्त त्याला काळवंडू देत नाही आणि निळसर थंड झाक देते.

मी ज्यांच्याकडे पाय घेऊन गेलो ते मुलामा देणारे गृहस्थ सत्तरीचे होते. त्यांनी पाय उजेडात तिरपा धरून मला त्यावरचे ओरखडे दाखवले आणि म्हणाले, “लोकांना वाटते, मुलामा झाकतो. तो उलट दाखवतो.” म्हणून टाकीत घालण्यापूर्वी वस्तू बफिंगच्या चाकावर घासून गुळगुळीत करावी लागते, तिच्यावरचा सगळा भूतकाळ आधी उतरवावा लागतो. दट्ट्याची स्प्रिंगही मी हौसेने पुढे केली होती. ती त्यांनी परत दिली. आम्लात आणि टाकीत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊन एके दिवशी तुटते. लगेच कित्येक तास भट्टीत ठेवली तर वाचते, पण एका स्प्रिंगसाठी भट्टी कोण पेटवणार?

७/
पावडर कोटिंग हे त्यामानाने अर्वाचीन. १९५० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत एर्विन गेमर याने तापवलेली वस्तू हवेने उकळत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या भुकटीत बुडवण्याची रीत काढली. १९६० च्या दशकात विद्युत्भारित भुकटी बंदुकीने फवारण्याची रीत रूढ झाली. वस्तू जमिनीला जोडलेली असते, म्हणून भुकटी तिला चिकटते. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळते, पसरते आणि घट्ट होते. खोल कोपऱ्यांत मात्र भुकटी शिरायला नाखूश असते, कारण विद्युत्क्षेत्र तेथे पोचत नाही.

८/
हौशी मंडळींनी या दोन्ही विद्यांचा जो उपयोग केला आहे तो पाहण्यासारखा आहे. चकचकीत थरावर पारदर्शक लाल, भेगाळल्यासारखी दिसणारी काळी-सोनेरी नक्षी, निकेलवर सोने. कंपन्याही मागे नाहीत: १९९२ च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ची वीस हजारांहून अधिक यंत्रे खपल्यावर १९९४ साली त्याची १००० यंत्रांची सोनेरी आवृत्ती निघाली. मला यातले पुष्कळसे भडक वाटते. पण देव्हाऱ्याला चांदीचा पत्रा मढवणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाने भडकपणाविषयी फार बोलू नये.

९/
माझे यंत्र १९७५ सालचे. ते मला एका वृद्ध बाईंनी विकले. त्यांचे वडील उपनगरांतल्या मद्यगृहांत यंत्रे ठेवत, आठवड्याने जाऊन नाणी काढत आणि बिघाड दुरुस्त करत. धंदा मिटला तेव्हा एवढे एकच त्यांनी घरी आणले होते. मी ते खोलले, पाय क्रोमला दिले आणि नाण्याचे दार पावडर कोटिंगला. दाराच्या आतल्या बाजूला काही ओरखडे होते. मी त्यांना गंजाच्या खात्यात टाकले. वाळूच्या माऱ्याखाली पत्रा कोरा करकरीत झाला आणि दार गडद लाल होऊन परत आले. इतके सुंदर, की मी ते दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवले होते.

दोन महिन्यांनी बाई नातवाला घेऊन खेळायला आल्या. तो खेळत असताना त्यांनी दार उघडले आणि आतल्या बाजूवरून हात फिरवला. मग विचारले, हे दार बदललेत का? मी अभिमानाने सांगितले, तेच आहे. त्या म्हणाल्या की बाबा येथे टोच्याने तारखा कोरत. केव्हा कोणता भाग बदलला त्या. त्या लहानपणी सोबत जात तेव्हा एकदा त्यांनाही कोरू दिले होते. “असू दे,” त्या म्हणाल्या, “आता छान दिसते.” आणि दार हळूच लावले.

१०/
त्या रात्री मी तारांची जोडणी लक्षात राहावी म्हणून काढलेली सगळी छायाचित्रे पाहिली. एकात दाराचा कोपरा आला आहे. तीन ओळी, धूसर. दोन वाचता येत नाहीत. तिसरीत १९७८ सालच्या मार्चमधली तारीख आहे आणि शेजारी एक तिरका, मोठा, दुसऱ्या हातचा आकडा. तो त्यांचाच असेल असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही. चित्र मोठे करून मी त्यांना पाठवले.

पुढची काचेसमोरची पट्टी, जिच्यावर खेळणारा मनगटे टेकतो, तिला सोन्याचा मुलामा द्यायचे ठरले होते. ती स्टेनलेस पोलादाची आहे, दोन्ही टोकांना तळहातांनी निस्तेज झालेली. उजवीकडे अंगठीचे बारीक चरे आहेत. मुलामा देणाऱ्या गृहस्थांना फोन करून मी ते काम रद्द केले. त्यांनी कारण विचारले नाही. पट्टी गुरुवारी परत आली आणि मी ती होती तशी बसवली.