घागरीचा पोचा

आठवीत गेलो त्या साली आमच्या हायस्कुलात चित्रकलेचे नवे सर आले. साल १९७२. आमचा माण तालुका तसा दुष्काळाच्या मांडीवरच वाढलेला. पाऊस एरवीही पाहुण्यासारखा तोंड दाखवून जायचा, त्या साली तो तेवढाही फिरकला नाही. अशा दिवसांत सरांनी वर्गात जाहीर केलं, की यंदा एलिमेंटरीच्या परीक्षेला पोरं बसवायची. घरी सांगितलं तर दादा म्हणाले, "चित्रं काडून प्वाट भरतंय व्हय रं?" फीचे पैसे मागायची हिंमतच झाली नाही. ते सरांनी भरले, हे मला फार पुढं कळलं.

तोवर चित्र म्हणजे आमच्या लेखी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी नारळाचं झाड. आमच्या भागात औषधाला नारळाचं झाड नव्हतं, आणि नदीत वाळूच जास्त. पण वहीत सगळं जागच्या जागी असायचं.

सर म्हणाले, "हे सगळं विसरा. घरातली एकेक वस्तू घेऊन या."

मी आईची तांब्याची घागर नेली. आईच्या माहेरची, मठारलेली, पोटावर सांध्याची रेघ असलेली. चिंचेनं घासली की उन्हात डोळे दिपायचे. तिच्या पोटाला एका बाजूला वाटीएवढा पोचा होता. पोरं हसतील म्हणून टेबलावर चुंबळीवर ठेवताना मी तो पोचा हळूच भिंतीकडं केला.

पहिल्या दिवशी मी जी घागर काढली ती घागर कमी आणि भोपळा जास्त होती. तिचं तोंड मी चांगलं वाटोळं, चंद्रासारखं काढलं होतं. सर मागं येऊन उभे राहिले.

"काय रे, तू बाकावर बसलायस का आढ्याला लोंबकळतोयस?"

मला काही उमगेना. तोंड वाटोळंच तर असतं! मग सरांनी घागर उचलली, माझ्यासमोर धरली आणि सावकाश वर न्यायला लागले. तोंडाचा गोल चपटा होत होत पिंपळपानाएवढा उरला, आणखी वर गेला तसा नुसती एक आडवी रेघ झाली. डोळ्याच्या वर गेल्यावर तर आतलं काही दिसेचना. सर म्हणाले, "डोक्यात आहे ते काढू नकोस. डोळ्याला दिसतंय तेवढंच काढ."

सायंकाळी आई विहिरीवरून येताना मी वाटेत उभा राहिलो. डोक्यावरच्या घागरीचं तोंड मला दिसत नव्हतं. इतकी वर्षं रोज बघत होतो, तरी ते दिसत नाही हे मला ठाऊक नव्हतं! दुसऱ्या दिवशी तीच घागर विहिरीच्या काठावरून खाली वाकून पाहिली तर तोंड चंद्रासारखं. मला तर वेडच लागलं. पातेलं, बादली, जात्याची पाळ, जे वाटोळं दिसेल त्याच्याभोवती उठबस करत फिरायचो. थोरली बहीण म्हणायची, ह्येला कायतरी बाधलंय.

मग हळूहळू बाकीचं आलं. एक डोळा मिटायचा, हात ताठ करून पेन्सिल उभी धरायची, अंगठ्यानं माप घ्यायचं. गळ्याची रुंदी पोटात किती वेळा बसते ते मोजायचं. मधोमध एक उभी रेघ मारायची आणि डावी बाजू उजवीसारखी उतरवायची. सांध्याच्या रेघेचा बाक तोंडापेक्षा जास्त भरीव येतो, कारण ती डोळ्यापासून आणखी खाली असते. छाया भरायची तर डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारीकसारीक नाहीसं होतं आणि काळं-पांढरं तेवढं उरतं. सगळ्यात गंमत वाटली ती काळोख्या बाजूची. तिथं अगदी कडेला पुन्हा अंधूक उजेड असतो, शेजारच्या भिंतीवरून परतून आलेला. तो सोडला नाही तर घागर पाटासारखी सपाट होते.

कागद जुन्या कॅलेंडरांच्या पाठीचे. २बी, ४बीच्या पेन्सिली सरांकडच्या, त्याही वर्गात वाटून घ्यायच्या. म्हणून सरांनी एक युक्ती शिकवली. तुरकाठ्यांचे बोटभर तुकडे पत्र्याच्या डबीत ठासून भरायचे, झाकण मातीनं लिंपायचं आणि डबी चुलीतल्या विस्तवात सारायची. आत वारा शिरला नाही तर काड्यांची राख न होता कोळसा होतो. माझी पहिली डबी फुकट गेली, आणि सरपण वाया घालवलं म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या.

अखेर एक घागर साधली. सरांनी कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं 'छान' लिहिलं. मी पळत घरी आलो. आई खडी फोडायच्या कामावरून नुकती आली होती, हात पांढरे झालेले. तिनं कागद उंबऱ्यात उजेडाला धरला.

"कुणाची रं ही?"

"आपलीच की, आये."

"आपली न्हवं. आपल्या घागरीला पोचा हाय."

मी गप्प. मग तीच म्हणाली, "तुझ्या येळंला सातवा म्हैना हुता. हिरीच्या पायरीवनं पाय निसाटला. घागर सोडली म्हून मला धराया घावलं." एवढं बोलून ती चुलीकडं गेली.

ती घागर थंडीत गेली. आईनं पोत्यात गुंडाळून म्हसवडला नेली आणि पायलीचा हिशेब करत दाणे घेऊन आली. तांबं वजनावर जातं. जेवताना दादांना म्हणाली, "पोच्याचं कायबी कापलं न्हाई त्येनं." दादा ताटातल्या मिलोच्या भाकरीकडं बघत राहिले. त्यानंतर पाणी पत्र्याच्या डब्यातून यायला लागलं.

परीक्षेला दहिवडीला गेलो. वस्तुचित्राला बादली आणि तिच्या पायाशी दोन कांदे होते. बादलीचं तोंड बरोबर आलं, कांदे मात्र लसणासारखे झाले. स्मरणचित्राला मी पाणी भरून येणाऱ्या बायका काढल्या. त्यातल्या एकीच्या डोक्यावरच्या घागरीला बारीकसा पोचा काढला. तपासणाऱ्याला तो रंगाचा डाग वाटला असणार. सी ग्रेड मिळाली.

इंटरमिजिएटच्या साली सरांनी आम्हाला औंधला, पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात नेलं. पोरं राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायका बघत होती. मी दालनभर घागरी हुडकत फिरलो. पुढं मी काही चित्रकार झालो नाही. एसटीत लागलो, तिकिटं फाडली. पण खिशात पेन्सिलीचा तुकडा कायम असायचा, आणि गाडी फलाटाला थांबली की मोकळ्या वेबिलाच्या पाठीवर हात चालायचा.

रिटायर झाल्यावर चांगला कागद आणला आणि आठवून आठवून ती घागर काढली. तोंड, गळा, सांधा, कडेचा परतलेला उजेड आणि पोटाला पोचा. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. तिनं कागद दारात नेला, लांब धरला, जवळ घेतला.

"हां, ही आपली."

मला बरं वाटलं. पण ती अजून बघतच होती. मग बोट ठेवून म्हणाली, "पर पोचा हितं न्हवता. ह्या अंगाला हुता, आन् जरा खाली. कमरंवर घेतली की हितं बसायची बग."

मी आठवून बघितलं. काही केल्या दिसेना. खोडरबर घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यात बसलो आणि म्हटलं, "कुठं ते नीट दाव."