मासा निमित्ताला

घरी फिश टाको करायचा बेत ठरला की बहुतेक जण पिशवी घेऊन आधी मासळीच्या दुकानाकडे निघतात. माझं म्हणणं, आधी मक्याची सोय बघावी. मासा काय, कुठलाही चालतो. पांढरा, बिनकाट्याचा, तळल्यावर पापुद्रे सुटणारा असला की झालं. आम्ही सॅन डिएगोत राहतो. इथे कधी रॉकफिश मिळतो, कधी हॅलिबट, आणि महिनाअखेर असेल तर तिलापिया. तिघांचेही टाको छान होतात. मक्याची पोळी, म्हणजे टॉर्टिया, मात्र पिशवीतली, चार दिवसांची, दुमडली की चिरणारी असेल, तर महागातला हॅलिबटसुद्धा फुकट गेला म्हणून समजा.

इथून मेक्सिकोची हद्द हाकेच्या अंतरावर. ती ओलांडून, तिहुआना मागे टाकून, समुद्र उजव्या हाताला ठेवत शंभरेक किलोमीटर खाली उतरलं की एन्सेनादा लागतं. फिश टाको या बंदराचा. (आखाताच्या बाजूच्या सान फेलिपेचे लोक हे मान्य करत नाहीत, त्यांच्या मते तो त्यांचा. अशा भांडणात आपण दोन्हीकडे खावं आणि मत देऊ नये.) पूर्वापार या टाकोत बरेचदा असायची ती मोरी. हो, तीच. लहान शार्क, कोकणात वाटणात शिजते ती. मैद्यात बिअर, मोहरीचं सॉस आणि ओरेगानो घालून भिजवलेलं पीठ, त्यात घोळवलेले माशाचे बोटभर तुकडे, उकळतं तेल. वर बारीक चिरलेला कोबी, मेयोनेज आणि सायीचं पातळ पांढरं सॉस, झणझणीत साल्सा आणि लिंबू. टपरीवाल्याने हातात दिला की तिथेच उभ्याने खायचा. सॅन डिएगोतला राल्फ रुबिओ नावाचा विद्यार्थी कॉलेजच्या सुट्टीत सान फेलिपेला गेला, तिथल्या एका टपरीवाल्याकडून कृती कागदावर उतरवून घेऊन आला आणि १९८३ साली मिशन बेजवळ त्याने छोटंसं दुकान टाकलं. हद्दीच्या अलीकडे हा टाको घरोघर माहीत झाला तो तेव्हापासून.

पण या टाकोतलं मेक्सिकोचं असं काय, हा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. कोबी युरोपचा. मैदा स्पॅनिशांनी नेलेल्या गव्हाचा. मेयोनेजही तिकडचंच. कोथिंबीर भूमध्य समुद्राच्या बाजूची. पीठ लावून मासा तळायची युक्ती जपानी कोळ्यांनी शिकवली असं सांगतात. लिंबू तर आपल्या बाजूचं. मेक्सिकन दुकानात जाळीच्या पिशवीत मिळणारं ते लहान, पातळ सालीचं, बियांनी भरलेलं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू, जातसुद्धा तीच. इथल्या मोठ्या दुकानांत जे थोराड, बिनबियांचं हिरवं लिंबू मिळतं, त्याला रस भरपूर आणि वास बेताचा. मी ते घेत नाही. वजाबाकी करत गेलं की शेवटी मेक्सिकोच्या खात्यावर टोमॅटो, मिरची आणि मका एवढं उरतं. त्यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याला उतरली आणि आपल्याकडे अशी रुळली, की ठेचा पूर्वापार नव्हता हे कुणाला पटवून देणं कठीण. मका आपल्याकडेही आला, पण कणसाच्या रूपाने. पावसात भाजून, तिखटमीठ-लिंबू लावून आपण तो खाल्ला. त्याची विद्या मात्र मागेच राहिली.

विद्या म्हणजे चुना. वाळलेला मका पाण्यात घालायचा, किलोला साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना टाकायचा, अर्धा-पाऊण तास मंद शिजवायचा आणि रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं आणि दाण्याचं साल चिमटीत धरलं की निसटतं. चोळून, धुऊन, ओलाच वाटायचा. मक्याचं साधं कोरडं पीठ पाण्यात कितीही मळा, त्याची नीट पोळी होत नाही, भुगा होतो. चुन्याने दाण्याच्या पेशींच्या भिंती सैल पडतात, त्यातला डिंकासारखा अंश मोकळा होतो आणि पीठ अंग धरतं. आपण ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालून जे साधतो, ते तिथल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी चुन्याने साधलं.

आणि नुसतं चिकटण्यापुरतं नव्हे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चुना ते सोडवतो. स्पॅनिशांनी मक्याचं बियाणं युरोपात नेलं, चुन्याची कृती नेली नाही. ती बायकांची कटकट वाटली असावी. मग मक्यावरच जगणाऱ्या गरिबांच्या अंगावर चट्टे उठू लागले, जुलाब, शेवटी वेड. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने हा रोग पाहिला. पुढे इटलीत आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत या रोगाने हजारो माणसं मारली. हा पेलाग्रा. मेक्सिकोतल्या खेड्यांत, तोच मका तिन्ही त्रिकाळ खाऊन, तो क्वचितच दिसला. टॉर्टियाकडे मी थोड्या अदबीने बघतो ते यासाठी.

घरी मी दर वेळी मका शिजवत नाही. आमच्या जवळच्या तोर्तियेरियात, म्हणजे टॉर्टियांच्या दुकानात, सकाळी लवकर गेलं तर ताजं वाटलेलं ओलं पीठ वजनावर मिळतं. कागदात गुंडाळलेला तो गोळा हाताला अजून कोमट असतो आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा आणि नव्या चुन्याच्या भिंतीचा मिळून एक वास असतो. नाहीच जमलं तर कोरडं पीठ आहेच, चुन्याची प्रक्रिया करून वाळवलेलं. मासेका हे त्यातलं सर्वांत पसरलेलं नाव. त्याची कंपनी १९४९ साली नुएवो लिओनमधल्या सेराल्वो या गावी सुरू झाली. जाणकार त्याला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. कोमट पाण्याने मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवलं की त्याच्याही टॉर्टिया होतात.

लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि आधी अंगठ्याने दाबून बघायचा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात हवा; बोटाला चिकटला तर पाणी जास्त झालं. लोखंडी दाबयंत्राच्या दोन पाळ्यांत प्लास्टिकच्या पिशवीचे कापलेले दोन तुकडे, मध्ये गोळा. दांडा एकदा दाबायचा, चकती अर्धी फिरवायची, पुन्हा जरासा दाबायचा, नाहीतर एक बाजू जाड राहते. वरचं प्लास्टिक सोलायचं, चकती तळहातावर उलटी घ्यायची, खालचं सोलायचं. ती अर्धी हातावर आणि अर्धी बोटांवरून लोंबत असते, आणि बिडाच्या तापलेल्या तव्यावर ती टाकायची नाही, निजवायची. हात मागे घेताना घाई केली की घडी पडते. कडा तव्यावरून सुटू लागल्या की उलटायची. दुसरी बाजू मिनिटभर. मग परत पहिल्या बाजूवर, आणि आता मध्यभागी दोन बोटांनी हलकेच दाबलं की ती आतून श्वास भरून घेते आणि टम्म होते. नाही फुगली तरी चवीत फरक नसतो, पण फुगली की स्वयंपाकघरातला प्रत्येक माणूस काहीतरी बोलतोच. मग जाड फडक्यात गुंडाळून टोपलीत. तिथे ती आपल्याच वाफेत मऊ होते. तव्यावरून थेट पानात वाढलेली टॉर्टिया अजून अर्धवट असते.

हे सगळं मी हौसेने करतो आणि हौसेने करता येतं हे माझं नशीब. मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या बाया पहाटे उठून गुडघ्यांवर बसत आणि मेतातेवर, म्हणजे दगडी पाट्यावर, शिजवलेला मका वाटत. घरातल्यांच्या दिवसाच्या टॉर्टियांसाठी कित्येक तास. विसाव्या शतकात गावागावांत ओला मका वाटायच्या गिरण्या आल्या तेव्हा काही नवऱ्यांनी कुरकूर केली, गिरणीच्या पिठाला पाट्याची चव नाही म्हणून. चवीबद्दल ते खरंच बोलत असतील. वाटायला ते बसत नव्हते. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक करणाऱ्या सभा मी ऐकल्या आहेत, त्यांतही व्यासपीठावर बहुधा न दळणारेच असत.

मक्याच्या या गोष्टीत एक मराठी माणूस आहे, आणि तो तोंडी लावण्यापुरता नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांनी मायदेशाचं दार बंद केलेले. देशोदेशी फिरत १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रं तिना मोदोत्तीने काढली. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रोजच्या भाकरीचं एक मोठं चित्र रंगवलं, त्यात टेबलाशी बसलेल्या माणसांना भाकरी देताना त्याने दाखवले ते खानखोजे. ज्वारीच्या मुलखातला माणूस मक्याच्या मुलखात जाऊन मक्याचा मास्तर झाला. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. शाळेच्या पुस्तकात मी त्यांचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही.

तर टाकोचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी टेबल मांडत नाहीत. तळलेला मासा पाच मिनिटांत मऊ पडतो, टॉर्टिया दहा मिनिटांत गार होते, त्यामुळे सगळे स्वयंपाकघरातच उभे. मी तव्यापाशी, बायको कढईपाशी, मुलगी कोबी आणि लाल मुळ्याच्या चकत्यांवर मीठ भुरभुरवत. टोमॅटो आणि सुक्या मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून वाटलेला साल्सा आधीच तयार. क्रम मात्र मोडायचा नाही. टॉर्टिया, मासा, कोबी, पांढरं सॉस, साल्सा, आणि लिंबू अगदी शेवटी, तोंडात घालायच्या क्षणी. आधी पिळलं की तळणाचा कुरकुरीतपणा गेलाच. आणि दुकानात मिळतात ते तळून कडक केलेले, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे टाको आमच्या घरात येत नाहीत. पहिल्याच घासाला त्यांचे तुकडे होतात आणि सारण सदऱ्यावर. ती अमेरिकेच्या कारखान्यांची सोय आहे, खाणाऱ्याची नव्हे.

मागे आई देवगडहून आली होती तेव्हा खास तिच्यासाठी हॅलिबट आणला. जन्मभर बंदरावरचा मासा खाल्लेली बाई. तिने एक टाको खाल्ला, मासा बरा आहे म्हणाली, हे पांढरं कशाला घातलंस म्हणाली. मग तव्याशी येऊन उभी राहिली. टोपलीतली एक टॉर्टिया उचलली, वर मिठाचे चार खडे टाकले, सुरळी केली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. मेक्सिकोत घरोघर मुलं आईच्या तव्याशी उभी राहून नेमकं हेच खातात, मिठाचा टाको. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. “आणखी घाल रे,” म्हणाली. ते बघून नातीनेही तेच मागितलं, मग तिच्या आईनेही, आणि मी उरलेलं पीठ संपेपर्यंत तव्यापाशीच उभा.

मासा बराचसा उरला. दुसऱ्या दिवशी तो मी डब्याला नेला. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मासा गरम करणं म्हणजे शेजारच्या चार टेबलांशी वैर, म्हणून गारच खाल्ला.