आपण सगळे आपलेच

२९ ऑगस्ट २०१९ला मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं आरे कॉलनीतल्या २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे नेऊन लावायची. मेट्रो तीनच्या कारशेडसाठी. त्यानंतर महिनाभर माझ्या फोनवर विश्वास ठेवला असता, तर मुंबईत कारशेडच्या बाजूचा एकही माणूस शिल्लक नव्हता. फेसबुकवर आरे, ट्विटरवर आरे, झाडांना मिठ्या मारलेले फोटो, पावसात भिजत धरलेली मानवी साखळी. अपवाद फक्त आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा. तिथं लिफ्टच्या देखभालीचा करार, पार्किंगची भांडणं आणि मधूनच एखादा प्रश्न: मेट्रो सुरू कधी होणार?

सोसायटीच्या ग्रुपकडे आम्ही कार्यकर्ते मंडळी जरा दयेनंच बघत होतो. यांना कळत नाही, अजून पोचलं नाही यांच्यापर्यंत, अशी समजूत. आता वाटतं, त्या महिन्यात शहराचं खरं तापमान सांगणारा तोच एक ग्रुप माझ्या फोनमध्ये होता.

एको चेंबर म्हणतात ते हेच. आपल्यासारखं बोलणारी माणसं आपण निवडतो, यंत्र त्यात आणखी तशीच माणसं आणून ओततं आणि मग आपलाच आवाज चहूबाजूंनी ऐकू आला की तो जगाचा आवाज वाटू लागतो. यावर टीका करणं सोपं आहे आणि ती भरपूर झालेली आहे. पण बहुतेक टीकाकारांना चळवळीत रात्रीचे अकरा वाजलेले ठाऊक नसतात, असा माझा संशय आहे.

४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयानं आरेसंबंधीच्या याचिका फेटाळल्या आणि अंधार पडल्यावर करवती सुरू झाल्या. ही बातमी वृत्तवाहिन्यांच्या आधी फोनवर आली. लोक जमले ते त्या संदेशांमुळे. कोणत्या फाटकातून आत जाता येतंय, कोणाला कुठल्या पोलीस ठाण्यात नेलं, वकील कोण, तिथं पोचायला त्याला किती वेळ लागेल, ज्यांना पकडलं त्यांच्या घरी कोणी फोन करायचा. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. विधीच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयानं सोमवारी, ७ तारखेला, तोड थांबवली; तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. त्या रात्री ग्रुपवर कोणी समतोल मत मांडायला आलं असतं, विकासाचीही बाजू बघायला हवी म्हणालं असतं, तर त्याला बाहेर काढणंच योग्य होतं. प्रत्येक वेळी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागली, तर कोणतीच चळवळ दुसऱ्या इयत्तेत जात नाही.

याहून गंभीर उदाहरण खैरलांजीचं. २९ सप्टेंबर २००६ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या काळात मोठ्या वृत्तपत्रांत ती बातमी एक तर नव्हती, किंवा अनैतिक संबंधांतून घडलेला गुन्हा अशा साच्यात बसवलेली होती. ती मरू दिली नाही ती आंबेडकरी कार्यकर्त्यांनी. सत्यशोधन अहवाल, छायाचित्रं, तारखा हे सगळं ईमेल गटांतून, ब्लॉगवरून, एसएमएसमधून आपल्याच माणसांत फिरत राहिलं. नोव्हेंबरमध्ये विदर्भातली गावं रस्त्यावर आली तेव्हा बाहेरच्यांना तो उद्रेक अचानक झालेला वाटला आणि सरकारी गोटातून त्यात नक्षलवाद्यांचा हात शोधला गेला. हात कुणाचाच नव्हता. एका बंद वर्तुळात महिनाभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली होती, कारण वर्तुळाबाहेर ती ऐकायला कोणी तयार नव्हतं.

अमेरिकेतल्या विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी १९९०मध्ये, म्हणजे फेसबुकच्या पुष्कळ आधी, हे मांडून ठेवलं आहे: ज्यांना मुख्य चर्चेत जागाच नसते ते आपापली वेगळी चर्चापीठं उभी करतात, तिथं ते माघार घेऊन सावरतातही आणि बाहेरच्या लढाईची तयारीही करतात. आपल्याकडे ही गोष्ट सिद्धांत होण्याआधी घडून गेली होती. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ काढलं. २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं आणि दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. आधी तळं, मग अंक. आणि त्या अंकांतून पुढच्या लढ्याची बांधणी. आतलं बोलणं आणि बाहेरचं पाऊल यांत इतकं कमी अंतर ठेवणं आपल्याला, हातात एवढी यंत्रं असूनही, जमत नाही याची मला गंमत वाटते. गंमत हा शब्द सौम्य झाला.

माजघर हवंच. बाहेर मार खाऊन आलेल्या माणसाला तिथं पाणी मिळतं, रडायला जागा मिळते. स्त्री कार्यकर्तीच्या नावावर दिवसाकाठी शिव्यांचा किती पाऊस पडतो ते ज्यांनी पाहिलं आहे, ते या माजघराला हसणार नाहीत. पंचाईत एवढीच की माजघरात सगळे मान डोलावतात म्हणून चावडीवर ठराव झाला, असं नसतं.

आमच्या एका ग्रुपमध्ये बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. आरेच्या वेशीवर राहणारे, झाडं ओळखणारे, बिबट्याचा माग काढणारे. त्यांनी एका संध्याकाळी लिहिलं, ‘कारशेड इथं नको हे बरोबर. मग नेमकी कुठं? कोणाची जागा, कोणाच्या नावावर? मला सोसायटीतले लोक विचारतात, काय सांगू?’ उत्तरादाखल त्यांना तीन पोस्टर आणि एक व्हिडिओ मिळाला. त्यांनी पुन्हा विचारलं. मग कोणी तरी, तुम्ही त्या बाजूचे दिसता, असं लिहिलं आणि त्याखाली अंगठे जमले. रात्री राखाडी अक्षरांत ओळ आली: अमुक नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. कोणी विचारपूस केल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या प्रश्नाला बेस्टची चाळीस वर्षं होती. विरार फास्टमध्ये लटकणाऱ्या माणसाला मेट्रो काय वाटते हे त्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या रुळांवर त्या काळात वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरत होती. चळवळ म्हणत होती, मेट्रो हवी, कारशेड दुसरीकडे करा. हे म्हणणं नीट होतं, आजही नीट आहे. पण बाहेर ऐकू गेलं ते ‘मेट्रो नको’ आणि आत कोणालाच ते पुन्हा समजावून सांगावं लागत नसल्यामुळे समजावण्याची कला गंजत गेली. पुढे ऑक्टोबर २०२०मध्ये सरकारनं कारशेड कांजूरमार्गला हलवली तेव्हा आमच्या फोनवर दिवाळी झाली. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं तिथलं काम थांबवलं. कारण? जागेच्या मालकीचा वाद. कोणाची जागा, कोणाच्या नावावर. २०२२च्या उन्हाळ्यानंतर सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतली. आज मेट्रो तीन आरेहून सुटते.

आणखी एक माणूस आमच्या वर्तुळात फक्त फोटोतून होता. आरेत आदिवासींचे २७ पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. आमच्या मजकुरात आरे म्हणजे मुंबईचं फुप्फुस. पाड्यावर बसलं की बोलणं नळावर यायचं, विजेच्या मीटरवर, जातीच्या दाखल्यावर, घराचा पत्रा बदलायला लागणाऱ्या परवानगीवर. जंगल त्यांनाही हवं होतं, आमच्याहून जास्त. पण फुप्फुस म्हणून नव्हे. जी माणसं पाड्यांवर वर्षानुवर्षं जात होती त्यांना हे पाठ होतं. गंमत अशी की तीच माणसं ऑनलाइन सगळ्यात कमी दिसायची.

२०२०च्या टाळेबंदीत हेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. केंद्र सरकारनं पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. प्रकल्पांना परवानगी देण्याचे, जनसुनावणीचे नियम सैल करणारा. हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत होती. तयार मजकुराचं ईमेल एका बोटानं पाठवायची सोय झाली आणि लाखो हरकती गेल्या. हे लहान काम नव्हे. सरकारला ते झोंबलं असावं, कारण या मोहिमेतल्या तरुणांची एक वेबसाइट जुलैत बंद पाडली गेली. पण मसुदा होता इंग्रजीत आणि हिंदीत. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणायला सांगितला. चंद्रपूरच्या कोळसा खाणीशेजारचा किंवा रायगडच्या रासायनिक पट्ट्यातला शेतकरी, ज्याच्या गावात ती जनसुनावणी व्हायची, त्याला हरकत घ्यायची तर आधी वाचायला काही मिळायला हवं होतं. माझ्याकडे त्या महिन्यांत ‘तुम्ही पाठवलं का?’ असे निरोप ढिगानं आले. ‘हे मराठीत कुठं मिळेल?’ असं विचारणारे बोटावर मोजण्याइतके. ज्यांच्यासाठी आपण बोलतो ते आपल्यात नाहीत, हे लक्षात येऊ न देणं ही या वर्तुळाची खरी करामत आहे. विरोधक दिसत नाहीत ते एक वेळ परवडतं.

विरोधकांचंही ऐका, म्हणजे वर्तुळ फुटेल, हा उपदेश मला अर्धवट वाटतो. कास सन्स्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये कोलोरॅडोत एक प्रयोग केला. बोल्डर हे उदारमतवादी गाव आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे पुराणमतवादी, दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या गटात हवामानबदलासारख्या विषयांवर बोलायला बसवलं. बोलून उठले तेव्हा दोन्ही गट आधीपेक्षा कडवे झाले होते आणि गटातल्या गटात जे मतभेद होते तेही आक्रसले होते. आमच्या कंडक्टरांचं काय झालं ते मला इथं दिसतं. पण त्यावरचा उतारा म्हणून ख्रिस बेल यांच्या चमूनं ट्विटरवरच्या लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचा मजकूर वाचायला लावला, तर २०१८ला छापलेला निष्कर्ष असा की रिपब्लिकन मंडळी आणखी सनातनी झाली. पडद्यावर भेटलेला विरोधक हा माणूस नसतोच, पुरावा असतो: बघा, ही माणसं अशीच.

मग वर्तुळ फुटतं कशानं? एक उदाहरण मला गोव्यात दिसतं. मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य यांतून तीन प्रकल्प जायचे होते: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि चारशे केव्हीची वीजवाहिनी. ‘आमचें मोलें’ ही मोहीम २०२०मध्ये टाळेबंदीतच उभी राहिली, म्हणजे ती पडद्यावर जन्मली. चित्रकार, वास्तुरचनाकार, जीवशास्त्रज्ञ, विद्यार्थी, वकील. खारींची, फुलपाखरांची, ऑर्किडची देखणी चित्रं. हे वर्तुळही आपल्याच कौतुकात मश्गूल राहू शकलं असतं, इतकं ते सुंदर होतं. पण त्याच रेल्वेमार्गावर सासष्टीतली गावं होती आणि तिथल्या लोकांना ऑर्किडशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं भांडण मुरगावहून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाशी होतं. घरात येणारी काळी धूळ, रुळाला चिकटलेल्या भिंती, जाणाऱ्या जमिनी. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही हाक मोलेंच्या चित्रांहून जुनी. १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरच्या रेल्वे फाटकावर हजारो लोक पहाटेपर्यंत बसले, तेव्हा रुळांवर दोन्ही वर्तुळं शेजारी शेजारी होती. एकाकडे अभ्यास होता, दुसऱ्याकडे गाव. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं एप्रिल २०२१मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला, ९ मे २०२२ला न्यायालयानं तो उचलून धरला. बाकीच्या दोन प्रकल्पांची कहाणी इतकी सरळ नाही. तरीही मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सासष्टीच्या गावकऱ्याला कोणी आधी जैवविविधता शिकवली नाही आणि त्यानंही चित्रकारांना, कोळशावर काढा, असं फर्मावलं नाही. मतं एक करण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. रूळ एक होता.

कंडक्टर अजून भेटतात. मेट्रो तीननं ते नातवाला घेऊन चर्चगेटला जातात आणि गर्दी कुठल्या डब्यात कमी असते ते मला सविस्तर सांगतात. कारशेडबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही. चुकीच्या जागी केली, म्हणतात. आरेतल्या रस्त्यावर बिबट्या दिसला, कुठं नवा राडारोडा टाकला, कुठल्या झाडाच्या बुंध्याशी कोणी सिमेंट ओतलं, याचे फोटो सगळ्यांत आधी त्यांच्याकडून येतात. मी ते ग्रुपवर पुढे पाठवतो. परवा म्हटलं, यांना परत घेऊ या, दर वेळी मी मध्ये कशाला? ॲडमिन चांगली मुलगी आहे, २०१९च्या त्या रात्री पोलीस गाडीत बसलेली. तिनं विचारलं, ‘काका, पण ते नक्की आपल्या बाजूचे आहेत ना?’

मी लिहिलं, ‘नाही. शेजारचे आहेत.’ निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून नाही.