ट्रंक कॉल, फाइल आणि प्रतीक्षेचा इतिहास

१/८
एसटीडी येण्यापूर्वी पाचगणीसारख्या निवासी शाळांच्या गावातून मुंबईला बोलायचे, तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. क्रमांक सांगायचा, रिसीव्हर खाली ठेवायचा, हातातले दुसरे काम उरकायचे. जोडणी झाली की एक्स्चेंजच घंटी वाजवी. प्रतीक्षा असे, पण ती माणसाला बांधून ठेवत नसे. संगणकातील फाइलला ही सोय लाभण्यास मात्र काही दशके जावी लागली.

२/८
१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मास आले. त्यात प्रोग्रॅमने फाइलमधील मजकूर मागितला, की तो डिस्कवरून येईपर्यंत प्रोग्रॅम जागीच खोळंबे. फिरत्या डिस्कला मजकूर गाठण्यास साधारण १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १ कोटी ठोके पूर्ण करतो.

३/८
पुढे टर्मिनल आणि नेटवर्क यांच्यासाठी ‘थांबवू नकोस’ असा संकेत आला. माहिती तयार नसेल, तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तसे सांगून प्रोग्रॅमला लगेच मोकळे करी. डिस्कवरील फाइलपुढे हा संकेत निष्प्रभ ठरे. फाइल सदैव ‘तयार’ आहे, असेच उत्तर मिळे. प्रत्यक्ष वाचताना खोळंबा होई.

४/८
१९९३ च्या पॉझिक्स मानकाने असिंक्रोनस वाचन-लेखनाची व्याख्या केली. लिनक्सवर ते प्रथम वेगळे थ्रेड नेमून निभावले गेले: प्रतीक्षा टळली नाही, दुसऱ्याच्या गळ्यात पडली. कर्नलच्या २.५ मालिकेत बेंजामिन लाहेज यांनी गाभ्यातच सोय केली. पण ती पेज कॅश टाळणाऱ्या डेटाबेससारख्या प्रोग्रॅमपुरतीच खऱ्या अर्थाने उपयोगी होती.

५/८
येथे बंगळुरूचे नाव येते. आयबीएममधील सुपर्णा भट्टाचार्य यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत निबंध मांडला. कल्पना अशी: जेथवर जाता येईल तेथवर काम न्यावे, हवे ते पान स्मृतीत नसेल, तर न थांबता निरोप ठेवून परतावे, पान आले, की तेथूनच पुढे चालावे.

६/८
पुनःप्रयत्नाचा सांगाडा कर्नलमध्ये आला. सामान्य फाइलींसाठी त्यावर रचलेले पॅच मात्र बाहेरच राहिले. २०१३ मध्ये तो जवळजवळ निरुपयोगी ठरलेला सांगाडाही काढून टाकण्यात आला.

७/८
प्रश्न मिटला नव्हता. २०१७ मध्ये, ४.१३ आवृत्तीत, गोल्डविन रॉड्रिग्ज यांच्या कामामुळे फाइलसिस्टिमला ‘आत्ता जमणार नाही’ असे स्पष्ट सांगता येऊ लागले. २०१९ च्या ५.१ मध्ये येन्स ॲक्सबो यांची आयओ-यूरिंग ही नवी व्यवस्था आली.

८/८
२०२० च्या ५.९ आवृत्तीत सामान्य फाइलींचे वाचनही न खोळंबता होऊ लागले. रीत कोणती? पान आल्याचा निरोप मिळताच वाचन पुन्हा सुरू करणे. १७ वर्षांपूर्वीच्या निबंधाशी तिचे नाते उघड आहे. केवळ स्वीकारलेल्या बदलांची यादी चाळणाऱ्यास मधली वर्षे ओसाड दिसतील. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने नाकारलेले पॅचही वाचावेत.