साडेतीन फुटांचा जिना

मराठीने कुत्र्याला तिन्ही लिंगे दिली आहेत. दारात बांधलेला तो ‘कुत्रा’, पिल्ले घालते ती ‘कुत्री’, आणि रस्त्यावर कोणाचेच नसलेले ते ‘कुत्रे’. आमच्या जिन्यावर मात्र गेली पाच वर्षे एक चौथा प्रकार नांदतो आहे. त्याला यांपैकी काहीही म्हटलेले त्याच्या घरच्यांना खपत नाही. ‘कुत्रा काय म्हणतोस रे, टायगर म्हण,’ असे शेजारच्या काकांनी मला एकदा सुनावले होते. मी महाविद्यालयात व्याकरण शिकवतो. विशेषनाम दिल्याने सामान्यनामाचे दात बोथट होत नाहीत, हे उत्तर ओठांवर आले होते. पण ते ऐंशीला टेकलेल्या माणसाला द्यायचे नसते.

पुण्याच्या पेठेत एक वाडा पाडून १९८६ साली उभी राहिलेली आमची इमारत तीन मजल्यांची आहे. लिफ्ट नाही. जिन्याची रुंदी साडेतीन फूट (सोसायटीच्या अर्जात नोंदवण्यासाठी मी टेप लावून मोजली आहे), आणि प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारे. दोन उंबऱ्यांमध्ये जेमतेम चार फूट. या चार फुटांवरून चाळीस वर्षे विरजण गेले आले, किल्ल्या ठेवल्या घेतल्या गेल्या, आणि माझे वडील गेले त्या पहाटे काकूंनी आम्हाला न विचारता आमच्या ओट्यावर चहाचे आधण चढवले. त्यामुळे ‘शेजाऱ्याच्या कुत्र्याचा त्रास’ असा मथळा देऊन जी तक्रार इतर कोणी चार ओळींत संपवील, ती आम्हाला पाच वर्षे लिहिता आली नाही.

टायगर हा जर्मन शेफर्ड. आमच्या आधीच्या पिढीच्या भाषेत अल्सेशियन. काकांच्या मुलाने तो २०२० च्या टाळेबंदीत आणला, तेव्हा तो दोन महिन्यांचे पिल्लू होता. पुढे एका प्रशिक्षकाने मला जे समजावले, त्याने बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे जे भेटते, ते त्याच्या जगाचे रीतसर रहिवासी ठरतात; जे भेटत नाही, ते पुढे उपरे वाटते. टायगरच्या त्या आठवड्यांत इमारतीचे फाटक बंद होते. दूधवाला पिशवी खाली ठेवून जाई, पोस्टमन येत नसे, पाहुणे ही जात तर लुप्तच झाली होती. माणूस म्हणजे या घरातली तीन माणसे, असा त्याचा पक्का समज झाला, आणि त्या वेळची परिस्थिती पाहता तो चुकीचा नव्हता. २०२२ मध्ये मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. पस्तीस किलोंचा कुत्रा, गुडघे दुखणाऱ्या काकू आणि दम लागणारे काका मागे राहिले. फिरवणे सुटले. साखळी दाराच्या कडीला आली.

त्याच्या भुंकण्यामागचे तर्कशास्त्रही मला नंतर कळले आणि, कबूल करायला हवे, काहीसे आवडले. मी सकाळी सात वाजता दार उघडतो, तो भुंकतो, मी जिना उतरून जातो. मी जातो ते पहिला तास गाठायला. त्याच्या हिशेबी मात्र त्याने मला हाकलले. अशा रीतीने मी रोज दोनदा पराभूत होत आलो आहे, आणि रोजच्या विजयाने ज्याचा आत्मविश्वास वाढत नाही असा प्राणी विरळा. पुन्हा जागा अशी, की मला वळसा घालता येत नाही आणि साखळीमुळे त्याला मागे सरता येत नाही. मोकळ्या माळावर दोन कुत्री परस्परांना टाळून जातात. चार फुटांत टाळणे हा पर्यायच उरत नाही.

मला त्याची भीती वाटत असे ती गैरसोय म्हणावी इतपत. आईची गोष्ट वेगळी. तिला नवव्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी कुत्रे चावले होते. मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस तेव्हा पोटात टोचत; रोज एक, अशी चौदा इंजेक्शने. ती पद्धत आपल्याकडे थेट २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच इंजेक्शने घेऊन भागते. जखम धावत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही घ्यावे, हे सारे मी आईला सांगत असे. ती ऐकून घेई. तिच्या पोटाला ते चौदा दिवस ठाऊक होते. माझ्या माहितीला तिथे प्रवेश नव्हता. आधी तिचे संध्याकाळचे कीर्तन सुटले, मग भाजी, मग कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडे जाणे. शहात्तराव्या वर्षी दोन खोल्यांत बसून राहिलेल्या बाईला लोक ‘आता वय झालं’ म्हणतात. वय झाले नव्हते. समोर साखळी होती.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती साखळी कडीतून निसटली. आई दारात दुधाची पिशवी घ्यायला वाकली होती. टायगरच्या तोंडात तिचा पदर आला, अंग आले नाही. काकूंनी त्याला ओढून आत नेले. आई उंबऱ्यावर बसली ती अर्धा तास उठली नाही. डॉक्टरांना दाखवायला ओरखडासुद्धा नव्हता.

त्या संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. अध्यक्षांचा ठराव तयार होता: इमारतीत कुत्रे पाळण्यास बंदी. तो टिकणारा नव्हता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमत असले तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि मुसके घालण्याची सक्तीही करता येत नाही. सल्ला तेवढा देता येतो. काकांनी त्या सूचना छापूनच आणल्या होत्या. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची वहीही होती. दुसऱ्या बाजूला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला गंभीर धोका संभवत असता पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चावा व्हायलाच हवा असे ते कलम म्हणत नाही, शक्यता पुरते. म्हणजे कायद्याने काकांना कुत्रा ठेवण्याचा हक्क दिला होता आणि मला पोलिसांत जाण्याचा. मधल्या चार फुटांचे काय करायचे, हे मात्र कोणत्याच कागदात नव्हते.

‘तू माझ्यावर केस करणार का रे?’ काकांनी सभेत सर्वांसमोर विचारले. मी म्हणालो, ‘काका, आई खाली उतरली पाहिजे.’ याहून अधिक मला काही सुचले नाही.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारे कुत्रे सर्वांना ठाऊक असते; प्राणिप्रेमी भाषणांत ते हमखास येते. आरंभीचे कोणी सांगत नाही. जनमेजयाच्या सत्रात त्याचे भाऊ सरमेच्या पिल्लाला अपराध नसताना मारतात, आणि ती देवशुनी येऊन शाप देते. मी हा भाग वर्गात अनेकदा शिकवला. ती मृत्यूचा शाप देत नाही, दारिद्र्याचाही नाही. अवचित, न दिसणारे भय तुझ्यावर येईल, एवढेच म्हणते. एका आईने निवडलेली ती शिक्षा आहे, हे या वर्षी शिकवताना अधिक जाणवले.

तोड निघाली ती सभेत नव्हे, दोघी म्हाताऱ्यांत. ‘मुसकं घाला हो वहिनी त्याला,’ आई म्हणाली, ‘मळणीच्या बैलाला घालतात तसं. बैल काही मरत नाही त्यानं.’ कायदा जे सक्तीने करवू शकत नव्हता, ते काकूंनी दुसऱ्या दिवशी केले. ज्यातून जनावराला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते, असे जाळीचे मुसके आले. साखळी कडीवरून आत, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, आणि पॅसेजच्या बाजूला प्लायवूडचे अर्धे दार बसले. सुताराची मजुरी निम्मी निम्मी. प्रशिक्षकाने आईला एक काम नेमून दिले: त्याने भुंकायला सुरुवात करण्याआधी, लांबूनच, भाकरीचा तुकडा टाकायचा. पहिले काही दिवस तिचा हात थरथरे आणि तुकडा आमच्याच पायपुसण्यावर पडे. आता तो बरोबर दाराआड जातो. टायगर तिची चाहूल लागली की गप्प उभा राहतो. मी दिसलो की भुंकतो. मी भाकरी टाकत नाही आणि सातच्या घाईत टाकणारही नाही.

आई गुरुवारी कीर्तनाला जाते. काठी घेते, ती पायांसाठी नव्हे. काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे, आणि तेव्हा टायगरला बंगळूरला न्यायचे की नाही यावर त्या घरात रोज रात्री वाद होतो; भिंत पातळ आहे, ऐकू येतो. काका म्हणतात जाऊ दे, काकू म्हणतात नाही. सोसायटीकडे दिलेला अर्ज अजून फायलीत आहे. त्यावर जिन्याची मापे आहेत आणि माझी सही आहे. अध्यक्षांनी मागच्या महिन्यात विचारले, ‘सर, आता मागे घ्यायचा का?’ मी नाही म्हणालो. काकांना ते कळले आहे, आणि तरीही परवा त्यांनी बाहेरगावी जाताना किल्ली आमच्याकडेच ठेवली.