वहाणा

आषाढी जवळ आली आणि आम्हा तिघा मित्रांची वारीची तयारी सुरू झाली. शेगावहून येणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीला सोलापुरात मिळायचे आणि माचणूर, मंगळवेढा करीत पंढरपूर गाठायचे. एकाने टॉर्च आणला, दुसऱ्याने चादर. मी हौसेने नवे बूट घेतले.

वडील होटगी जंक्शनला गँगमन. गदगची लाईन जिथे फुटते, तिथे रुळांच्या कडेने चालण्यात त्यांचे आयुष्य गेले. आषाढीला मात्र पावसाळी गस्त. वारी कधी घडलीच नाही.

बूट पाहून ते म्हणाले, "नवं पायताण वाटंला नगं. फोड येत्यात." आणि आपल्या झिजलेल्या वहाणा पुढे केल्या.

रात्री मी पुस्तकातले सांगितले, की मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले.

"म्हंजी कामावरच की," वडील म्हणाले. मग बराच वेळ गप्प. "तितं जरा थांब. माझा बी नमस्कार सांग."

आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिला. वारीला निघणाराही पहिलाच. वहाणा बोटभर मोठ्या होत्या. अंगठ्याला सुतळी बांधली आणि पहाटे होटगीहून चालू लागलो.