पाव किलो लोकरीची गोष्ट

पश्मिना शालीला तुम्ही कधी हात लावलाय? नसेल तर एखाद्या दुकानात नुसता लावून बघा. (विकत मागू नका हं, किंमत ऐकून आईबाबांना घाम फुटेल!) ही लोकर लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांची, आणि त्या शेळ्या पाळणारे लोक म्हणजे चांगपा.

मी त्यांना भेटले त्सो मोरीरी सरोवराच्या काठी. उंची साडेचार हजार मीटर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट! चार पावलं चाललं की धाप लागते. हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. पण गंमत अशी, की ही थंडी आहे म्हणूनच शेळीच्या राठ केसांखाली मऊ लव उगवते. उन्हाळा लागला की ती फणीनं विंचरून काढतात. एका शेळीची वर्षाची लोकर जेमतेम पाव किलो!

चारा संपला की चांगपा याकच्या केसांचा तंबू, त्यांचा 'रेबो', गुंडाळतात आणि पुढच्या कुरणाकडे निघतात. पण हल्ली बर्फाचा भरवसा उरलेला नाही. कमी पडलं तर गवत खुरटतं, फार पडलं तर त्याखाली गाडलं जातं. २०१३ च्या सुरुवातीला असंच अतोनात बर्फ पडलं आणि हजारो जनावरं उपाशी मेली. करडं जन्मतात तीही थंडी सरायच्या आतच. ती आधी दगावतात.

शिवाय मोठी शाळा, मोठा दवाखाना, नोकरी, सगळं लेहला. खरनाक भागातली बहुतेक कुटुंबं तर शेळ्या विकून लेहच्या कडेला राहायला गेली. "इतकी सुंदर जागा सोडून जातात कशाला?" असं आमच्यातलेच एक पाहुणे म्हणाले. म्हणायला काय जातं! एक रात्र तंबूत काढली असती तर कळलं असतं.

ड्रायव्हरदादांना मध्ये घालून मी एका आजींशी बोलले. मुलगा लेहला टॅक्सी चालवतो, नात तिथेच वसतिगृहात.

"नात परत येईल का इकडे?"

आजी हसल्या. "मला काय विचारता? तिला विचारा. हुशार आहे ती."

विंचरताना शेळी आडवी पाडतात. एकानं शिंगं घट्ट धरायची, दुसऱ्यानं फणी चालवायची. आजींच्या तंबूपाशी त्या दिवशी शिंगं धरायला आमचे ड्रायव्हरदादाच बसले होते.